इंग्रजी शिकवायला परदेशी जाताना

(वसई येथे शिक्षक, बी.एड.चे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



परदेशातील सरकारी शाळांत इंग्रजी शिकवण्याची नोकरी कशी मिळते, या विषयावर मी बोलावे असे ठरले, तेव्हा आपल्यातल्याच एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने मला हळूच विचारले, "आपल्या विचाराच्या माणसांसमोर हा विषय शोभेल का हो? एक तर इंग्रजी, त्यात परदेश, त्यात नोकरी." प्रश्न प्रामाणिक होता आणि तो आपल्यापैकी अनेकांच्या मनात असणार. म्हणून पहिली काही मिनिटे त्याच्यासाठी देतो, मग कामाचे बोलू.

स्वातंत्र्यवीर सावरकरांनी हिंदू समाजाच्या पायातील ज्या सात बेड्या सांगितल्या, त्यांत एक सिंधुबंदी आहे. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो या समजुतीने आपण आपले व्यापारी, आपली जहाजे आणि आपली विद्या किनाऱ्याला बांधून ठेवली. ज्यांनी भाषाशुद्धीसाठी आयुष्यभर लेखणी झिजवली, तेच सावरकर १९०६ मध्ये बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेले होते. या दोन गोष्टींत विसंगती आहे असे त्यांना कधी वाटले नाही. त्याआधी १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि लोकमान्य टिळक यांनी पुण्यात शाळा काढली आणि तिचे नावच ठेवले न्यू इंग्लिश स्कूल. मराठीचा एवढा जाज्वल्य अभिमानी लेखक इंग्रजी शाळा काढतो, याचा अर्थ त्याला भाषा आणि दास्य यांतला फरक कळत होता.

आणि वसईकरांनी तरी समुद्राला का भ्यावे? आपल्या शेजारचे सोपारे म्हणजे प्राचीन शूर्पारक. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये तिथला स्तूप उत्खनन करून जगापुढे आणला, पण त्याच्या कितीतरी आधी या बंदराचे नाव दूरदेशीच्या व्यापाऱ्यांना पाठ होते. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये हा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकून घेतला, तो पराक्रम आपण दरवर्षी आठवतो. परंतु याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला आणि मराठी राज्याच्या गळ्यात तैनाती फौजेचा फास अडकला, हेही विसरता येत नाही. इंग्रजी सत्तेची मराठी मुलुखावरची पकड ज्या गावात पक्की झाली, त्या गावातून आज कुणी पगार घेऊन जगाला इंग्रजी शिकवायला निघत असेल, तर मला त्यात गंमत वाटते आणि समाधानही वाटते.

आणखी एक वसईकर सांगतो. गोन्सालो गार्सिया हा सोळाव्या शतकात इथे जन्मला, तरुण वयात जपानला गेला आणि जपानी भाषा इतकी आत्मसात केली, की पुढे फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांचा दुभाषा म्हणून तो हिदेयोशीसारख्या सत्ताधीशापुढे उभा राहिला. १५९७ मध्ये नागासाकीला त्याला मृत्युदंड झाला. तो ज्या धर्मप्रसारासाठी गेला त्याविषयी आपली मते वेगळी आहेत आणि ती इथे मांडण्याचे कारण नाही. पण आपल्या मातीतला एक मुलगा सव्वाचारशे वर्षांपूर्वी परक्या देशाची भाषा तिथल्या दरबारात बोलू शकत होता, ही गोष्ट भाषाशिक्षकाने मनात ठेवावी अशी आहे.

असो. आता मुद्द्यावर येतो.

मुले परदेशी का जाऊ पाहतात, हे आधी स्पष्ट बोलले पाहिजे. महाराष्ट्रात २००० साली शिक्षणसेवक योजना आली. तीन वर्षे मानधनावर काम, त्यानंतर नियमित वेतनश्रेणी. २०२३ पर्यंत हे मानधन प्राथमिकला सहा हजार, माध्यमिकला आठ हजार आणि उच्च माध्यमिकला नऊ हजार रुपये होते. त्या वर्षी ते सोळा, अठरा आणि वीस हजार झाले. म्हणजे एम.ए., बी.एड. झालेला तरुण नालासोपाऱ्यात एका खोलीचे भाडे, लोकलचा पास आणि आईच्या औषधांचा खर्च आठ हजारांत बसवत होता. त्यातही २०१२ मध्ये शासनाने शिक्षकभरती थांबवली आणि पुढे कित्येक वर्षे ही कोंडी राहिली. पवित्र पोर्टल आले, परीक्षा आल्या, निवडयाद्या लागल्या. पण या काळात ज्यांची पंचविशी तिशीला टेकली, त्यांची वर्षे कोण परत देणार? विनाअनुदानित संस्थांत नोकरीसाठी 'देणगी' मागितली जाते, हे या सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. या सगळ्यातून गेलेला माणूस परदेशाकडे पाहू लागला, तर त्याला देशप्रेमाचे धडे देण्याचा अधिकार आपल्याला आहे का, याचा विचार करावा.

एका शब्दाचा घोटाळा सुरुवातीलाच सोडवू. 'पब्लिक स्कूल' म्हटले की आपल्याकडे गणवेशाला टाय असलेली, भरमसाट शुल्क घेणारी खासगी शाळा डोळ्यांपुढे येते. इंग्लंडमध्येही या शब्दाचा अर्थ ईटन-हॅरोसारखी श्रीमंतांची शाळा असाच आहे. तो अर्थ आपण तिथूनच उचलला. अमेरिकेत मात्र पब्लिक स्कूल म्हणजे करदात्यांच्या पैशावर चालणारी, फुकट शिक्षण देणारी सरकारी शाळा. जाहिरातीत हा शब्द दिसला की कोणता देश आहे ते आधी पाहावे. आखाती देशांत आपले शिक्षक मोठ्या संख्येने आहेत, पण ते मुख्यतः तिथल्या खासगी भारतीय शाळांत, आपल्याच केंद्रीय मंडळाचा अभ्यासक्रम शिकवतात. ती वाट मळलेली आहे, वसईतून तर फारच. आज मी बोलतो आहे ते त्या त्या देशाच्या स्वतःच्या सरकारी शाळांविषयी.

ही वाटही नवीन नाही. हैले सेलासीच्या काळात इथिओपियातील शाळांत भारतीय शिक्षक होते आणि तेलाच्या तेजीच्या दिवसांत नायजेरियातही गेले. त्यांत केरळचे प्रमाण मोठे. भूतानमध्ये आधुनिक शाळा उभ्या राहिल्या त्या भारतीय शिक्षकांच्या खांद्यावर. आरंभी तिथे माध्यम हिंदी होते, १९६०च्या दशकात ते इंग्रजी झाले. मालदीवच्या दूरदूरच्या बेटांवरही आपले शिक्षक वर्षानुवर्षे इंग्रजी आणि गणित शिकवत आले. मालदीवमधले राजकारण मध्यंतरी भारतविरोधी घोषणांनी तापले होते, तेव्हाही वर्गात फळ्यापाशी भारतीय शिक्षकच उभा होता. परराष्ट्र धोरणाच्या चर्चेत या माणसांचा उल्लेख सहसा होत नाही. मराठी माणूस या सगळ्यात कमी दिसतो. केरळचा शिक्षक पेटी उचलून आदिस अबाबाला गेला आणि आपला मात्र 'दादरला बदली होईल का' एवढेच विचारत राहिला. हे टोचणारे आहे, पण खरे आहे.

आता आजची स्थिती देशवार पाहू. सर्वांत अधिक वेळ मी दक्षिण कोरियाला देणार आहे, कारण तिथली संधी आपल्याला सर्वांत कमी ठाऊक आहे.

कोरियाच्या सरकारी शाळांत परदेशी इंग्रजी शिक्षक नेमण्याचा 'एपिक' नावाचा कार्यक्रम १९९५ मध्ये सुरू झाला. कोरियन शिक्षकाच्या जोडीने वर्ग घ्यायचा, संभाषणावर भर द्यायचा, असे कामाचे स्वरूप. त्यासाठीचा व्हिसा बराच काळ फक्त सात देशांच्या नागरिकांना मिळत असे : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. इंग्रजी ज्यांची मातृभाषा, तेच इंग्रजीचे शिक्षक, असा सरळ हिशेब. परंतु ऑगस्ट २००९ मध्ये भारत आणि कोरिया यांच्यात सर्वंकष आर्थिक भागीदारीचा करार झाला आणि १ जानेवारी २०१० पासून तो अमलात आला. मोटारी आणि पोलाद यांच्या आयात-निर्यातीच्या त्या जाडजूड कागदपत्रांत भारतीय इंग्रजी साहाय्यक शिक्षकांसाठीही दार उघडलेले आहे. वाटाघाटीला बसलेल्या आपल्या अधिकाऱ्यांना याचे श्रेय दिले पाहिजे.

या दाराला उंबरठा मात्र उंच आहे. अमेरिकन उमेदवाराला कोणत्याही विषयातली पदवी चालते. भारतीयाला पदवी तर हवीच, शिवाय इंग्रजी अध्यापनाची मान्यताप्राप्त अर्हता हवी. म्हणजे इंग्रजी घेऊन बी.ए. आणि इंग्रजी पद्धतिशास्त्र घेऊन बी.एड. झालेल्यानेच याचा विचार करावा. वेतन महिना वीस लाख वॉनच्या पुढे. हा आकडा ऐकून हुरळू नका, वॉन रुपयापेक्षा बराच लहान आहे. तरी ते दीड लाख रुपयांच्या आसपास किंवा अधिक जाते. राहण्यासाठी घर दिले जाते, हा मोठा लाभ. भरती वर्षातून दोनदा होते, वसंत सत्रासाठी आणि शरद सत्रासाठी. अर्जाचे काम सत्राच्या सहा-सात महिने आधी सुरू होते, कारण कागदपत्रांनाच तेवढा वेळ जातो.

दार उघडे असूनही आत जाणारे भारतीय थोडेच आहेत. एक कारण माहितीचा अभाव. दुसरे कारण जरा कडू आहे. कायदा बदलला तरी मन बदलायला वेळ लागतो. सोनेरी केसांचा, निळ्या डोळ्यांचा माणूस बोलेल तेच खरे इंग्रजी, हा समज पूर्व आशियात अजून खोल आहे. हसू नका, आपल्याकडेही आहे. आपल्याच उपनगरांतील इंग्रजी शाळांच्या जाहिरात-फलकांवर कुणाची छायाचित्रे असतात, ते एकदा पाहा.

जपानचा 'जेट' कार्यक्रम १९८७ पासून चालू आहे. त्यात इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशांचाच भरणा आहे. त्याखेरीज जपानमध्ये इंग्रजी शिकवायचे, तर ज्याची ती मातृभाषा नाही त्याने बारा वर्षे इंग्रजी माध्यमात शिक्षण घेतलेले असावे लागते. म्हणजे मराठी माध्यमातून शिकून इंग्रजीत सुवर्णपदक मिळवणारा मुलगा इथे अडतो. हा अन्याय आहे, पण नियम त्यांचा आहे. माहीत असलेला बरा, नाहीतर दलालाला पैसे दिल्यावर कळतो. थायलंडमध्ये संधी अधिक, वेतन कमी, शिवाय इंग्रजी प्रावीण्याची परीक्षा द्यावी लागते. तिथे आपली स्पर्धा फिलिपिनो शिक्षकांशी आहे आणि ते चिवट स्पर्धक आहेत.

इंग्लंडचा प्रकार वेगळा. फेब्रुवारी २०२३ पासून तिथल्या शासनाने भारतासह काही देशांच्या शिक्षकांना 'अर्हताप्राप्त शिक्षक' हा दर्जा देण्यासाठी थेट अर्जाची सोय केली. अर्ज निःशुल्क आहे. हे दोनदा सांगतो, कारण या अर्जासाठी पैसे मागणारे लोक आपल्याकडे आहेत : अर्ज निःशुल्क आहे. पण भारतीयांसाठी ही सोय अकरा ते सोळा वयोगटाला गणित, विज्ञान किंवा इंग्रजीखेरीज अन्य भाषा शिकवणाऱ्यांपुरती ठेवली गेली. इंग्रजांना इंग्रजी शिकवायला आपली गरज त्यांना वाटलेली नाही! गणिताचे किंवा भौतिकशास्त्राचे बी.एड. या सभागृहात असतील, तर त्यांनी मात्र कान टवकारावेत. लंडनबाहेर नव्या शिक्षकाचे किमान वार्षिक वेतन २०२४-२५ मध्ये ३१,६५० पौंड होते. दर्जा मिळाला म्हणजे नोकरी मिळाली असे नव्हे. नोकरी शाळेकडून मिळते आणि व्हिसासाठी त्या शाळेने पुरस्कृत करावे लागते.

अमेरिकेत प्रत्येक राज्याचा अध्यापन परवाना वेगळा. आपली तीन वर्षांची पदवी तिथल्या चार वर्षांच्या पदवीच्या बरोबरीची धरतात की नाही, हा पहिला अडथळा. बी.एड. जोडल्यावर बहुतेकदा मार्ग निघतो. तुटवडा आहे तो गणित, विज्ञान आणि विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षणात. केवळ इंग्रजीच्या शिक्षकाला वाव कमी. शाळा पूर्वी एच-१बी व्हिसावर शिक्षक नेत असत. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकी अध्यक्षांनी परदेशातून येणाऱ्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर केले. कोणती सरकारी शाळा एका मास्तरासाठी एवढी रक्कम भरेल? उरतो तो जे-१, म्हणजे देवाणघेवाणीचा व्हिसा. त्याला किमान दोन वर्षांचा अध्यापनाचा अनुभव लागतो. मुदत तीन वर्षे, वाढवून पाच. नंतर परत यायचे.

या जे-१ व्हिसाची एक अट मला फार आवडते. शिक्षकाने दरवर्षी तिथल्या शाळेत किंवा वस्तीत आपल्या देशाची ओळख करून देणारा उपक्रम करायचा आणि तिथल्या विद्यार्थ्यांचा आपल्या देशातील शाळेशी संवादही घडवायचा. कल्पना करा, टेक्ससमधील एखाद्या शाळेतील मुले आपल्या निर्मळच्या किंवा आगाशीच्या शाळेतल्या मुलांशी बोलत आहेत. दिवाळीचा किल्ला कसा बांधतात, हे आपली सहावीतली मुलगी त्यांना सांगते आहे. ज्याला आपण संस्कृतीचा प्रसार म्हणतो, तो इथे नोकरीच्या करारातच लिहिलेला आहे. पण त्यासाठी शिक्षकाला स्वतःला काही ठाऊक असले पाहिजे. मुले विचारतात, तुमच्या देवांना इतके हात का? त्यावर गोंधळून हसणारा शिक्षक उपयोगाचा नाही.

आता फसवणुकीविषयी. यासाठी तरी पालकांनी वही काढावी.

वृत्तपत्राच्या कार्यालयात आम्हाला अशी पत्रे दाखवायला माणसे येतात. एक जोडपे आले होते, मुलीची नेमणूक झाली म्हणून पेढेही घेऊन आले होते. नेमणूकपत्रावर परदेशी शिक्षण खात्याची मुद्रा, खाली सही, पण पत्र आले होते फुकटच्या ईमेल खात्यावरून. मुलीची एकदाही मुलाखत झालेली नव्हती. 'व्हिसा अनामत' म्हणून दीड लाख रुपये कुणा व्यक्तीच्या खात्यात भरायचे होते, तेही दोन दिवसांत. मुलगी हुशार होती, एम.ए. होती. तिला शंका आली नव्हती असे नाही. पण घरात आनंद इतका झाला होता, की शंका बोलून दाखवायला तिची जीभ रेटेना. ते पैसे त्या दिवशी वाचले. पेढे मात्र आमच्या घशाखाली उतरले नाहीत.

कायदा काय सांगतो? उत्प्रवासन अधिनियम, १९८३ नुसार परदेशी नोकरीसाठी माणसे भरती करणाऱ्या एजंटाकडे केंद्र शासनाचे नोंदणी प्रमाणपत्र असलेच पाहिजे. ही नोंदणी प्रोटेक्टर जनरल ऑफ एमिग्रंट्स या अधिकाऱ्याकडे होते आणि ती खरी की खोटी, हे ई-मायग्रेट या शासकीय संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. उमेदवाराकडून सेवाशुल्क अधिकाधिक तीस हजार रुपये आणि त्यावरचा कर एवढेच घेता येते, तेही पावती देऊन. जो लाखांत बोलतो, त्याच्याशी पुढे बोलूच नये. 'आम्ही एजंट नाही, कन्सल्टंट आहोत' असे म्हणणारे भेटतील. नोकरी लावून देण्याचे पैसे घेतो तो एजंटच.

आणि नोकरी खरी असली म्हणजे सगळे खरे असते, असेही नाही. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात २००७ पासून काहीशे फिलिपिनो शिक्षक सरकारी शाळांत नेले गेले. शाळा खऱ्या, पगार खरा, पण भरती करणाऱ्या कंपनीने एकेकाकडून हजारो डॉलर उकळले आणि पुढच्या वेतनातूनही हिस्सा मागितला. कर्ज काढून गेलेली ती माणसे मुकाट सोसत होती. शेवटी ते एकत्र आले, न्यायालयात गेले आणि २०१२ मध्ये ज्यूरीने त्यांना पंचेचाळीस लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. मेरीलँडमधील प्रिन्स जॉर्जेस परगण्याच्या शाळा विभागाने तर व्हिसाचे शुल्क शिक्षकांच्याच माथी मारले होते. २०११ मध्ये अमेरिकी श्रमखात्याच्या कारवाईनंतर एक हजाराहून अधिक शिक्षकांना सुमारे बेचाळीस लाख डॉलर परत द्यावे लागले. कर्ज काढून गेलेला शिक्षक तोंड उघडू शकत नाही, हे या दोन्ही प्रकरणांतले मर्म आहे. म्हणून दागिने गहाण ठेवून कुणालाही पाठवू नका. खर्च घरच्या शिलकीत बसत नसेल, तर वर्षभर थांबा.

कागदपत्रांत आपल्या मुलींचा एक खास घोळ होतो. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव पुढे, मग स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि शेवटी आईचे नाव. पारपत्रावर आडनाव वेगळ्या रकान्यात. लग्न झाले की मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, काही घरांत पहिलेही बदलतात. परदेशी अधिकाऱ्याला ही चार वेगळी माणसे वाटतात. विवाह नोंदणीचा दाखला आणि नाव बदलले असल्यास राजपत्रातील नोंद, ही आधी करून ठेवा. विद्यापीठाकडून ट्रान्स्क्रिप्ट मागवायला वेळ लागतो, ते काम पहिले. त्यानंतर पदवी आणि बी.एड.च्या प्रमाणपत्रांचे राज्यस्तरावरील साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे, त्यामुळे कोरिया, जपान, इंग्लंड, अमेरिका यांच्यासाठी तो एक शिक्का पुरतो. पोलिसांकडील चारित्र्य दाखला सर्वांत शेवटी काढा, कारण तो थोड्याच महिन्यांत जुना होतो.

काही ज्येष्ठांच्या चेहऱ्यावर मला अजून एक प्रश्न दिसतो. आपल्याच जिल्ह्यात मोखाडा आहे, जव्हार आहे, तलासरी आहे. तिथल्या पाड्यावरच्या मुलाला इंग्रजीचे वाक्य नीट शिकवणारे मिळत नाही आणि आम्ही शिक्षक सोलला पाठवायचे? या प्रश्नाला माझ्याकडे सोपे उत्तर नाही आणि कुणी सोपे उत्तर दिले तर माझा विश्वास बसणार नाही. एवढे सांगतो की तीस वर्षांचा बेकार बी.एड. वसईत बसून राहिला, म्हणून मोखाड्याच्या मुलाला शिक्षक मिळत नाही. तिथली पदे भरण्याचे उत्तरदायित्व शासनाचे आहे आणि त्यासाठी शासनाला धारेवर धरणे आपले काम आहे. मात्र जो जाईल, त्याने तीन किंवा पाच वर्षांनी परत येण्याचा विचार मनातून पुसून टाकू नये. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येक मुलाला बोलते कसे करायचे, हे तंत्र तो तिथे शिकेल. ते पाड्यावरच्या शाळेत हवे आहे.

परदेशी गेलेला शिक्षक समाजाला पारखा होतो, हेही मला मान्य नाही. केनियातील कामाची सुरुवात आठवा. १९४६ मध्ये मुंबईहून मोंबासाला निघालेल्या जहाजावर जगदीशचंद्र शारदा नावाच्या स्वयंसेवकाने एका सहप्रवाशासह संघाची प्रार्थना म्हटली. पुढे १९४७ च्या मकरसंक्रांतीला नैरोबीत शाखा सुरू झाली. भारताबाहेरच्या कामाचा तो आरंभ मानला जातो. हे शारदाजी कोण होते? पेशाने शिक्षक. तिथल्या शाळेत शिकवण्यासाठीच ते निघाले होते. आज अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा गावोगाव चालतात, त्या सुट्टीच्या दिवशी वेळ देणाऱ्या आई-वडिलांच्या बळावर. तिथे खरा प्रशिक्षित शिक्षक लाभला तर त्याला ते डोक्यावर घेतील. आठवड्याचे पाच दिवस त्यांच्या मुलांना इंग्रजी आणि रविवारी आपल्या मुलांना मराठी, असे वेळापत्रक एकाच माणसाला जमण्यासारखे आहे.

बोलण्याआधी एका आईने मला चिठ्ठी दिली. तिची मुलगी अविवाहित आहे, कोरियासाठी प्रयत्न करणार आहे आणि नातेवाईक विचारतात, एकटी कशी राहील? ताई, सोल रात्री अकरा वाजता आपल्या विरार लोकलच्या डब्यापेक्षा सुरक्षित आहे, एवढे मी निश्चित म्हणेन. अडचण वेगळी येईल. नेमणूक सोलमध्येच होईल असे नाही, लहान गावातही होऊ शकते आणि तिथे शाकाहारी जेवण मिळणे कठीण. मासळीचा रस्सा सगळ्यात असतो. तेव्हा तिला स्वयंपाक यायला हवा आणि मुलगा जात असेल तर त्यालाही यायला हवा. कोरियन लिपी शिकायला आठवडाभर पुरतो, ती इथूनच शिकून जावी. पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात भारतीय दूतावासात नाव नोंदवावे. काही तंटा झालाच तर परराष्ट्र मंत्रालयाचे 'मदद' हे तक्रार-संकेतस्थळ २०१५ पासून चालू आहे, त्याचा पत्ता तिच्या आणि तुमच्याही फोनमध्ये असावा. करारपत्राची एक प्रत इथे घरी, तुमच्या कपाटात ठेवा. सही करण्याआधी ते पूर्ण वाचा. मुलीने मराठीत अर्थ सांगावा आणि तुम्ही प्रश्न विचारावेत. जे कलम तिला तुम्हाला समजावून सांगता येणार नाही, त्याच्यावर तिने सही करू नये.